अदृश्य दंश आणि पोटशूळ : परळचे प्रतिविष व मण्यारदंशाच्या निदानाचा इतिहास

१. प्रस्तावना

पोटात एकाएकी उठणारी तीव्र कळ ही वैद्याची कसोटी पाहणारी तक्रार आहे. आंत्रपुच्छाचा दाह, जठराला वा आतड्याला पडलेले छिद्र, आतड्याला बसलेला पीळ, स्वादुपिंडाचा दाह, मूतखडा अशी अनेक कारणे थोड्या वेळात तपासून एकेक करून बाजूला सारावी लागतात. या सर्व कारणांचे मूळ उदरपोकळीतच असते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मात्र, विशेषतः पावसाळ्याच्या दिवसांत, अशाच पोटदुखीचे एक कारण उदरपोकळीच्या पूर्णपणे बाहेरचे असते. ते म्हणजे मण्यार या सापाचा दंश.

वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत पोटशूळाच्या कारणांची जी यादी असते तिच्यात मण्यारदंशाला क्वचितच स्थान मिळते. दुसरीकडे, सर्पदंशावरील प्रतिविष आपल्याकडे विसाव्या शतकाच्या मध्यापासून उपलब्ध आहे आणि त्याच्या निर्मितीच्या इतिहासात मुंबईतील परळ या भागाला महत्त्वाचे स्थान आहे. औषध उपलब्ध, पण ज्या लक्षणावरून ते द्यायचे त्या लक्षणाची ओळख अपुरी, अशी ही स्थिती होती व काही अंशी ती आजही आहे.

प्रस्तुत निबंधाचा हेतू या विसंगतीचा ऐतिहासिक शोध घेण्याचा आहे. परळच्या प्रयोगशाळेत प्रतिविषाचे ज्ञान कसे घडत गेले, मण्यारदंशाच्या निदानाचे ज्ञान कोठे व कोणाकडून घडले, आणि या दोन ज्ञानप्रवाहांतील अंतराची किंमत कोणी मोजली, या तीन प्रश्नांचा येथे विचार केला आहे. वैद्यकाचा इतिहास बहुधा शोधांचा व संस्थांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. निदान ही गोष्टही ऐतिहासिक असते, तिलाही काळ, स्थळ आणि सामाजिक संदर्भ असतो, हे मण्यारदंशाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

२. मण्यारदंशाचे स्वरूप

इतिहासाकडे वळण्यापूर्वी या दंशाचे वैद्यकीय स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे; कारण पुढील सर्व गुंतागुंत त्याच्यातूनच उद्भवते.

मण्यार हा निशाचर साप आहे. काळसर, चकचकीत अंग आणि त्यावर पांढरे, बहुधा जोडीजोडीने येणारे आडवे पट्टे ही त्याची सर्वसाधारण ओळख. पाठीच्या मध्यरेषेवरील षटकोनी व मोठ्या आकाराचे खवले ही अधिक खात्रीची खूण होय. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या माध्यमातून फ्रँक वॉल या लष्करी वैद्याने विषारी साप ओळखण्याच्या अशा खुणा विसाव्या शतकाच्या प्रारंभी वैद्यांसाठी व सामान्य वाचकांसाठी मांडल्या.

मात्र साप ओळखण्यासाठी तो आधी दिसावा लागतो. मण्यार रात्री भक्ष्याच्या शोधात घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाचा हात वा पाय तिच्यावर पडला की दंश करते. तिचे विषदंत आखूड असतात. दंशाच्या जागी सूज येत नाही, रक्त वाहत नाही, वेदनाही फारशी होत नाही. मुंगी किंवा डास चावला असावा अशा समजुतीने माणूस कूस बदलून पुन्हा झोपी जातो. अनेकदा तर त्याला जागही येत नाही. सकाळी शोधूनही दाताची खूण सापडत नाही असे पुष्कळ वेळा घडते.

काही तासांत लक्षणे सुरू होतात आणि त्यांतील एक आरंभीचे व ठळक लक्षण म्हणजे पोटात उठणारी कळ. तिच्या जोडीला मळमळ व उलटी असते. पोट हाताने तपासले असता ते मऊ लागते. आतड्याला छिद्र पडल्यावर येणारा ताठरपणा त्यात नसतो. त्यानंतर पापण्या जड होऊन मिटू लागतात, एकाची दोन दिसतात, गिळणे कठीण होते, आवाज बदलतो, मान सावरत नाही आणि अखेरीस श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. शुद्ध मात्र बराच काळ कायम असते. रोग्याला सर्व ऐकू येते, समजते, परंतु सांगता येत नाही.

या लुळेपणाचे कारण १९६३ नंतर अधिक स्पष्ट झाले. त्या वर्षी तैवानमधील चांग आणि ली या संशोधकांनी तेथील बहुपट्टी मण्यारीच्या विषातून बंगारोटॉक्सिन नावाचे घटक वेगळे केले. त्यांतील बीटा हा घटक चेतातंतूच्या टोकावरच आघात करतो आणि स्नायूपर्यंत संदेश पोहोचविणाऱ्या रसायनाचा साठा निकामी करतो. पोटदुखीची कारणमीमांसा मात्र अद्याप निर्विवादपणे झालेली नाही. स्वायत्त चेतासंस्थेवरील परिणाम हे तिचे एक संभाव्य कारण मानले जाते. वैद्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, दंश अदृश्य असला तरी पोटदुखी दृश्य असते; आणि ती लुळेपणाच्या आधी येत असल्यामुळे उपचाराला अवधी देणारी ती पहिली सूचना ठरते.

३. परळची प्रयोगशाळा आणि प्रतिविषाचा प्रारंभ

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्भवली. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील छोट्याशा जागेत प्लेगविरोधी लसीचे काम सुरू केले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस स्वतःला टोचून घेतली. १० ऑगस्ट १८९९ रोजी ही प्रयोगशाळा परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे एकेकाळच्या गव्हर्नरांच्या निवासस्थानात, स्थलांतरित झाली. प्लेग रिसर्च लॅबोरेटरी हे तिचे त्या वेळचे नाव. १९०६ मध्ये ती बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी झाली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले.

प्लेगसाठी स्थापन झालेल्या या प्रयोगशाळेत सर्पविषाचेही संशोधन झाले, ही बाब तुलनेने दुर्लक्षित राहिली आहे. सर्पविषावरील प्रतिविषाची कल्पना त्या वेळी नवी होती. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात घोड्याला विषाच्या वाढत्या मात्रा देऊन त्याच्या रक्तातून प्रतिविष तयार केले होते. ते सर्वच सापांवर गुणकारी ठरेल अशी काल्मेत यांची धारणा होती. हे रक्तद्रव्य फ्रान्समधून हिंदुस्थानात येऊ लागले.

परळच्या प्रयोगशाळेत कॅप्टन जॉर्ज लँब व विल्यम हॅना यांनी १९०० नंतरच्या लगतच्या वर्षांत या रक्तद्रव्याची परीक्षा केली. त्यांच्या कामातून दोन निष्कर्ष पुढे आले. एक, हिंदुस्थानच्या हवामानात साठवून ठेवल्यावर काल्मेत यांच्या रक्तद्रव्याची शक्ती घटत जाते. दोन, नागाच्या विषाविरुद्ध तयार केलेले प्रतिविष घोणशीच्या विषावर उपयोगी पडत नाही. लँब यांनी पुढे या विशिष्टतेचा सविस्तर अभ्यास करून प्रत्येक सापाच्या विषासाठी प्रतिविषाचा स्वतंत्र विचार करावा लागतो हे दाखवून दिले.

हे दोन्ही निष्कर्ष पुढील शतकभर निर्णायक ठरले. पहिल्यामुळे उष्ण प्रदेशात टिकेल अशा प्रतिविषाची गरज स्पष्ट झाली व कालांतराने द्रवरूप प्रतिविषाच्या जोडीला गोठवून सुकविलेली भुकटी आली. ती शीतपेटीशिवायही दुर्गम दवाखान्यात ठेवता येते. दुसऱ्यामुळे कोणत्या सापाचे विष घोड्याला द्यायचे हा प्रश्न प्रतिविषनिर्मितीच्या केंद्रस्थानी आला. एका युरोपीय औषधाचा सर्वसमावेशक दावा परळच्या प्रयोगशाळेने स्थानिक सापांच्या कसोटीवर घासून पाहिला, असे या कामाचे ऐतिहासिक मूल्यमापन करता येईल.

४. चार साप, एक कुपी

हिंदुस्थानात तयार झालेले सुरुवातीचे प्रतिविष कसौली येथील होते. तेथे लँब आणि डेव्हिड सेंपल यांनी नाग व घोणस या दोन सापांच्या विषांवरील रक्तद्रव्य तयार केले. त्यात मण्यार नव्हती. म्हणजेच मण्यारदंश झालेल्या रोग्याला ते रक्तद्रव्य मिळाले असते तरी त्याचा भरवशाचा उपयोग झाला नसता. पुढे मण्यार व फुरसे यांचा समावेश होऊन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवरील बहुगुणी प्रतिविष प्रचारात आले. या चतुर्विध प्रतिविषाच्या निर्मितीत परळची हाफकिन संस्था विसाव्या शतकाच्या मध्यापासून अग्रभागी राहिली.

संस्थेची स्वतःची सर्पशाळा होती. तेथील सर्पअभ्यासक पी. जे. देवरस यांनी सर्पशाळेतील सापांकडून मिळणाऱ्या विषाच्या नोंदी प्रसिद्ध केल्या; नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेले भारतातील सापांवरील त्यांचे पुस्तक सामान्य वाचकांपर्यंतही पोहोचले. मण्यारीच्या बाबतीत विषसंकलनाचे काम विशेष जिकिरीचे होते. नागाच्या तुलनेत तिच्याकडून एका वेळी फारच थोडे विष मिळते. साहजिकच त्यासाठी अधिक साप लागतात. जे विष संकलकाला इतके अपुरे वाटते तेच माणसाचा श्वास थांबविण्यास पुरेसे असते.

१९७५ मध्ये संस्थेचे विभाजन होऊन संशोधन, प्रशिक्षण व चाचणी हे काम मूळ संस्थेकडे राहिले आणि उत्पादनासाठी हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ अस्तित्वात आले. प्रतिविषासाठी लागणारे घोडे पुण्याजवळील पिंपरी येथे ठेवले जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर साप पकडण्यावर निर्बंध आले आणि १९७८ मध्ये तमिळनाडूत स्थापन झालेली इरुळा सर्पपकड्यांची सहकारी संस्था देशभरातील उत्पादकांना विष पुरविणारा प्रमुख स्रोत बनली.

भारतीय प्रतिविषाच्या प्रमाणित शक्तीनुसार एक मिलिलिटर द्रावण मण्यारीचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते. दहा मिलिलिटरची एक कुपी ४.५ मिलिग्रॅम. नाग व घोणस यांच्यासाठी हेच प्रमाण प्रतिमिलिलिटर ०.६ मिलिग्रॅम आहे. चारही सापांवर एकच औषध असल्यामुळे साप कोणता हे ठरविण्याची सक्ती वैद्यावर राहिली नाही, हा या कुपीचा मोठा लाभ होय. तथापि सर्पदंश झाला आहे की नाही हे ठरविण्याची सक्ती कायम राहिली. नाग, घोणस आणि फुरसे यांच्या दंशात सूज, वेदना किंवा रक्तस्राव वैद्याला ते सांगून टाकतात. मण्यार काहीच सांगत नाही. परळच्या कुपीने चार सापांना एकत्र आणले, परंतु त्यांतील एकीच्या बाबतीत कुपी केव्हा उघडायची हा प्रश्न अनुत्तरित ठेवला.

५. नोंदींतून निसटलेले मृत्यू

हा प्रश्न अनुत्तरित का राहिला, याचे एक उत्तर सर्पदंशाची मोजणी ज्या पद्धतीने झाली तिच्यात सापडते.

सर जोसेफ फेअरर यांनी १८६९ या वर्षासाठी बंगाल व लगतच्या प्रांतांतून माहिती मागवून ११,४१६ सर्पदंशमृत्यूंची नोंद केली व १८७२ मध्ये आपला भारतीय विषारी सापांवरील सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. सरकारी पातळीवर सर्पदंश हा त्यानंतर मोजण्याचा विषय झाला. प्रांतोप्रांतीच्या आरोग्य अहवालांत मृत्यूंची वर्गवारी पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, इजा अशा रकान्यांत केली जाई. साप व हिंस्र पशूंमुळे झालेले मृत्यू इजांच्या रकान्यात पडत. गावपातळीवर ही नोंद करणारा पाटील वा चौकीदार वैद्य नसे. घरच्यांनी सांगितलेले कारण तो नोंदवीत असे.

अशा वर्गवारीत मण्यारदंशाचा मृत्यू कोठे गेला असेल, याचा विचार करावयास हवा. रात्री धडधाकट झोपलेला माणूस पहाटे पोटात कळ येऊन उठतो, उलट्या करतो आणि सूर्य वर येईपर्यंत मरण पावतो. अंगावर जखम नाही, साप कोणी पाहिलेला नाही. पटकीच्या साथी नित्याच्या असलेल्या काळात असा मृत्यू पटकीच्या किंवा पोटाच्या विकारांच्या रकान्यात गेला असण्याची शक्यता मोठी आहे. मण्यारदंशात जुलाब हे लक्षण नसते हा भेद वैद्याला कळू शकतो. घाबरलेल्या कुटुंबाला आणि पाटलाला तो कळणे कठीण. हे अनुमान आहे, प्रत्यक्ष पुरावा नव्हे. तरीही ज्या नोंदीची अटच साप दिसणे ही होती, तिच्यात न दिसणारा साप कमी प्रमाणात येणार, हे तर्काला धरून आहे.

लोकभाषेतील साक्ष येथे उपयोगी पडते. मराठीत सर्पदंशाला 'पान लागणे' म्हणतात. रात्रीच्या वेळी सापाचे नाव घेण्याचे टाळून 'जनावर' म्हणण्याची रीत आहे. राजस्थानात 'पीवणा' नावाच्या सापाची समजूत प्रचलित आहे. तो चावत नाही, तर झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसून त्याचा श्वास पिऊन टाकतो, असे मानले जाते. अभ्यासक या समजुतीचा संबंध मण्यारीशी जोडतात. दंशाची खूण नाही आणि श्वास मात्र थांबला, या निरीक्षणाचे ते लोकमानसाने लावलेले स्पष्टीकरण आहे. कारणमीमांसा चुकीची असली तरी निरीक्षण अचूक आहे. सरकारी रकान्यांना जे टिपता आले नाही ते लोकसमजुतीने आपल्या परीने जतन करून ठेवले होते.

स्वतंत्र भारतातही ही उणीव दीर्घकाळ राहिली. घरोघर जाऊन मृत्यूची हकिकत विचारणाऱ्या दशलक्ष मृत्यू अभ्यासाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार २००५ या एका वर्षात देशात सुमारे ४६,००० माणसे सर्पदंशाने मरण पावली. त्यांतील ९७ टक्के मृत्यू ग्रामीण भागातील होते आणि जून ते सप्टेंबर या काळात त्यांचे प्रमाण वाढलेले होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील अभ्यासाने २००० ते २०१९ या काळातील मृत्यूंची संख्या सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० असल्याचे दाखविले. हे आकडे पूर्वीच्या सरकारी आकड्यांहून कितीतरी अधिक आहेत. आणि त्यांतही घरच्यांना साप चावल्याचे कळलेलेच मृत्यू येतात.

६. निदानाचा प्रवास : गावाकडून

परळच्या आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्था आणि १९२६ मध्ये सुरू झालेले केईएम रुग्णालय परस्परांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. गिरणगावातील कामगारांची कुटुंबे बव्हंशी कोकण व घाट भागांतील गावांशी जोडलेली होती. गावाकडील गंभीर आजाऱ्याला उपचारासाठी परळला आणण्याचा रिवाज त्यातूनच रूढ झाला. परंतु मण्यारदंशाच्या रोग्याजवळ एवढा अवधी नसतो. महाड वा चिपळूणहून मुंबईला पोहोचेपर्यंत श्वास थांबतो. त्यामुळे या दंशाचे निदान मोठ्या रुग्णालयात होऊन चालणारे नव्हते. ते गावातील दवाखान्यातच व्हावयास हवे होते. या अर्थाने मण्यारदंशाच्या निदानाचा इतिहास हा ग्रामीण वैद्यकाचा इतिहास आहे.

त्यात महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचे कार्य महत्त्वाचे आहे. विंचूदंशावरील त्यांचे संशोधन सर्वपरिचित आहे. कोकणातील लाल विंचवाच्या दंशात हृदयावर होणाऱ्या परिणामांची पूर्वलक्षणे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडली आणि पुढे उच्च रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध त्यावर गुणकारी असल्याचे या दांपत्याने दाखवून दिले. सर्पदंशाकडेही त्यांनी त्याच पद्धतीने पाहिले. मण्यार व नाग यांच्या दंशाची लक्षणे आणि ग्रामीण परिस्थितीतील उपचार यांवरील त्यांचा लेख २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. २००८ मध्ये नांदेड जिल्ह्यातील मुखेड येथील डॉ. दिलीप पुंडे आदी वैद्यांसमवेत त्यांनी ग्रामीण महाराष्ट्रातील सर्पदंशाचे एकत्रित चित्र प्रसिद्ध केले. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे डॉ. सदानंद राऊत यांनी याच क्षेत्रात दीर्घकाळ काम केले आहे.

शेजारील श्रीलंकेतही असाच अनुभव नोंदविला गेला. अनुराधपूर येथे १९९६ ते १९९८ या काळात मण्यारदंशाच्या २१० रोग्यांचा अभ्यास झाला. बहुतेकांना रात्री, जमिनीवर झोपलेले असताना दंश झाला होता आणि पोटदुखी हे ठळक लक्षण होते. दोन देशांतील ग्रामीण दवाखान्यांतून स्वतंत्रपणे जमा झालेल्या अशा निरीक्षणांमुळे एकेकट्या वैद्याचा अनुभव सर्वमान्य निदानसूत्रात परिणत झाला. भारत सरकारच्या २००९ मधील राष्ट्रीय सर्पदंश उपचार नियमावलीने आणि त्यानंतरच्या मार्गदर्शक तत्त्वांनी जखमेविना येणाऱ्या मण्यारदंशाची दखल घेतली.

हे सूत्र थोडक्यात असे मांडता येईल. पावसाळ्याचे दिवस, जमिनीवर झोपलेली व्यक्ती, मध्यरात्रीनंतर वा पहाटे उठलेली पोटदुखी, मऊ पोट आणि जड होणाऱ्या पापण्या या गोष्टी एकत्र आल्या तर जखम दिसो वा न दिसो, मण्यारदंश गृहीत धरून रोग्यावर लक्ष ठेवावे. रक्त वीस मिनिटांत गोठते की नाही ही घोणस व फुरसे यांच्या दंशात उपयोगी पडणारी चाचणी येथे कामाची नाही. मण्यारदंशात रक्त नेहमीप्रमाणे गोठते. येथे महागडे यंत्र लागत नाही. लागतात ते दोन प्रश्न : काल रात्री कोठे झोपला होतात, आणि वर पाहिल्यावर पापण्या उघड्या राहतात का?

हे प्रश्न न विचारले गेल्यास काय घडते हेही उघड आहे. आम्लपित्त वा अन्नविषबाधा समजून औषध दिले जाते आणि रोग्याला घरी पाठविले जाते. मिटत जाणारे डोळे औषधाने आलेली झोप समजली जाते. काही वेळा आंत्रपुच्छदाहाच्या शंकेने शस्त्रक्रियेची तयारी होते आणि भूल देताना वा दिल्यानंतर श्वास परत न आल्यावर खरे कारण ध्यानात येते. प्रत्येक प्रसंगी पोटदुखीने वैद्याला दिलेला अवधी वाया गेलेला असतो.

७. उपचार : प्रतिविष आणि श्वास

मण्यारदंशाच्या उपचारांत प्रतिविष आवश्यक आहे, परंतु ते एकटे पुरेसे नाही. सर्वसाधारणपणे आरंभी आठ ते दहा कुप्या शिरेवाटे दिल्या जातात. मुलांनाही तेवढीच मात्रा लागते, कारण सापाने टोचलेले विष शरीराच्या वजनानुसार कमी होत नाही. घोड्याच्या रक्तातील प्रथिनांची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. त्यासाठी अॅड्रिनॅलिन हाताशी ठेवावे लागते. नागदंशात निओस्टिग्मिनच्या इंजेक्शनाने लुळेपणा कमी होताना दिसतो, मण्यारदंशात त्याचा लाभ बहुधा होत नाही. नागाचे विष स्नायूच्या बाजूला असलेली जागा अडविते, तर मण्यारीचे विष चेतातंतूचे टोकच निकामी करते. एकदा ती हानी झाली की प्रतिविष ती भरून काढू शकत नाही; ते केवळ रक्तात फिरणाऱ्या विषाला रोखते. चेतातंतूंची टोके पुन्हा कार्यक्षम होण्यास काही दिवस, क्वचित काही आठवडे लागतात.

तोपर्यंत रोग्याचा श्वास दुसऱ्या कोणीतरी घ्यावा लागतो. १९५२ मध्ये कोपनहेगन येथील पोलिओच्या साथीत ब्यॉर्न इब्सेन यांच्या मार्गदर्शनाखाली वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रबरी पिशवी दाबून रोग्यांना अनेक दिवस श्वास पुरविला आणि आधुनिक अतिदक्षता विभागाची पायाभरणी झाली. मण्यारदंशाच्या रोग्याला वाचविणारे तत्त्व हेच आहे. व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात तो यंत्राने पुरविला जातो. नसेल तेथे रुग्णवाहिकेच्या सबंध प्रवासात हाताने पिशवी दाबून पुरवावा लागतो. अशा रोग्याची बुबुळे प्रकाशाला प्रतिसाद देत नाहीत, हातपाय हलत नाहीत. मेंदू मृत झाल्याचा आभास निर्माण होतो. तो आभासच असतो. म्हणून केवळ या लक्षणांवरून प्रयत्न थांबवू नयेत असे या विषयातील अनुभवी वैद्य आवर्जून सांगतात. येथेही निदानाचे ज्ञानच निर्णायक ठरते.

८. आजचे प्रश्न

निदानाचा मार्ग मोकळा होत असताना परळच्या कुपीच्या मर्यादाही पुढे आल्या आहेत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वृत्तांतात महाराष्ट्रातील सिंधी मण्यार या वेगळ्या जातीच्या दंशाने झालेल्या गंभीर विषबाधेची नोंद आहे. २०१९ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी या जातीचे विष अतिशय तीव्र असून प्रचलित प्रतिविष त्याच्यापुढे अपुरे पडते असे दाखविले. प्रतिविषासाठी लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूतून येते आणि सापांच्या विषात प्रदेशानुसार फरक असतो. लँब यांनी परळमध्ये शतकापूर्वी मांडलेला विशिष्टतेचा मुद्दा अशा रीतीने पुन्हा ऐरणीवर आला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला आणि २०३० पर्यंत मृत्यू व अपंगत्व निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट २०१९ मध्ये ठरविले. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये त्याच उद्दिष्टाची राष्ट्रीय कृती योजना जाहीर केली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्पदंश हा नोंद बंधनकारक असलेला आजार घोषित करावा असे राज्यांना कळविले. या नोंदी विश्वासार्ह व्हावयाच्या असतील तर जखमेविना येणारा दंश ओळखण्याचे प्रशिक्षण प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे. अन्यथा एकोणिसाव्या शतकातील रकान्यांची उणीव एकविसाव्या शतकातील नोंदवहीत पुन्हा उतरेल.

प्रतिबंधाचा उपाय तर अधिकच साधा आहे. खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचणे. मच्छरदाणीमुळे सर्पदंशापासून संरक्षण मिळते असे आग्नेय नेपाळमधील एका अभ्यासाने २००७ मध्ये दाखविले आहे. परंतु खाट ही देखील प्रत्येक घराला परवडणारी वस्तू नाही. वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या पालात, शेतातील खोपटात झोपणारी माणसे जमिनीवर झोपतात ती आवड म्हणून नव्हे. मण्यारदंश हा त्या अर्थाने दारिद्र्याचाही आजार आहे.

९. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, परळच्या प्रयोगशाळेने सर्पविषाच्या अभ्यासाला स्थानिक वास्तवाचे अधिष्ठान दिले आणि पुढे चार सापांवरील प्रतिविषाच्या रूपाने ते समाजापर्यंत पोहोचविले. हे तिचे ऐतिहासिक श्रेय निर्विवाद आहे. दुसरा, मण्यारदंशापुरते पाहता औषधाचा शोध आणि निदानाचा शोध या दोन स्वतंत्र घटना असून त्यांच्यात अनेक दशकांचे अंतर आहे. तिसरा, हे अंतर कमी करण्याचे काम प्रामुख्याने महाड, मुखेड, नारायणगाव यांसारख्या ठिकाणच्या वैद्यांनी रोग्याशेजारी बसून केलेल्या निरीक्षणांतून झाले. चौथा, सर्पदंशाच्या जुन्या आकडेवारीचा वापर करताना इतिहासाच्या अभ्यासकाने तिच्यातील न दिसलेल्या दंशांची उणीव गृहीत धरली पाहिजे.

संस्था, शोध आणि संशोधक यांचा इतिहास लिहिताना कागदपत्रांची उपलब्धता आपल्याला प्रयोगशाळेच्या दारापर्यंत नेते. गावातील दवाखान्याचे केसपेपर, पाटलाच्या मृत्युनोंदी आणि लोकांच्या समजुती हीदेखील वैद्यकीय इतिहासाची साधने आहेत. त्यांचे संकलन जिल्ह्याजिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना सहज हाती घेता येण्याजोगे आहे. पहाटे पोटात कळ घेऊन दवाखान्याच्या पायरीवर आलेल्या माणसाला काल रात्री कोठे झोपला होतात असे विचारले जाईल की नाही, यावर आजही त्याचे जगणे अवलंबून असते. तो प्रश्न विचारण्याइतके ज्ञान आपल्या समाजात कसे आणि किती उशिरा निर्माण झाले, हे नोंदविणे इतिहासाचे काम आहे.